एका ओळीचं घर

माझ्याच घरानं मला पहिल्यांदा बाहेर ताटकळत ठेवलं, तेव्हा मला वाटलं कुलूप बिघडलं. हातात कोथिंबीर, पिशवीत दही, आणि दार काही केल्या उघडेना. अंगठा लावून झाला, डोळा लावून झाला, आता चप्पल लावायचीच बाकी होती, तेवढ्यात ते आपोआप उघडलं. आत सगळं शांत होतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आपल्या खोलीत पलंगावर बसून खिडकीबाहेरचं पेरूचं झाड बघत होत्या.

आठवडाभर हेच चाललं, तेव्हा लक्षात आलं की कुलूप ठणठणीत आहे. आत्याबाई हॉलमध्ये असल्या की मला दार उघडत नाही. त्या खोलीत गेल्या की उघडतं. घर आमची गाठ पडू देत नव्हतं.

आणि हे घर मीच लिहिलेलं होतं.

लिहिलेलं म्हणजे काय, ते सांगते. मी हे काम शिकले पहिल्या टाळेबंदीत, मोबाइलवर व्हिडिओ बघत, तेही कणीक मळता मळता. विट्यातल्या एका साडीच्या दुकानाचं वेबपान केलं, मग एका द्राक्ष बागायतदाराचं. त्याआधीच्या पिढीतले लोक यंत्राला एकेक पायरी सांगत: हे पूस, ते आण, इथे रंग दे, तिथे बटण लाव. मी शिकले ती पद्धत उलटी होती. पायऱ्या सांगायच्याच नाहीत. शेवटी पानावर काय असायला हवं, तेवढं म्हणायचं. कसं करायचं ते यंत्र आपलं आपण बघून घेतं. आत्ता काय आहे आणि काय असायला हवं, हे दोन्ही शेजारी ठेवतं, त्यातला फरक शोधतं आणि फक्त तेवढ्या फरकाला हात लावतं.

मला ही पद्धत पटकन समजली, कारण आत्याबाईंच्या हाताखाली मी अनेक वर्षं काढली होती. त्यांनी मला कधी 'चहा टाक' म्हटलं नाही. 'पाहुण्यांचा चहा झालेला बरा,' म्हणत. 'ओटा कसा कोरडा असावा,' म्हणत. चहा कुणी टाकायचा आणि ओटा कुणी पुसायचा, हा प्रश्नच त्यांच्या वाक्यात नसे. पुढे मी शिकवण्या घेत असे, तेव्हा पोरींना सांगायचे, ही भाषा कुठल्या कंपनीनं काढली ते सोडा, ती मुळात सासवांनी काढली.

दुसरी गोष्ट खणाची. पानावर एखादा रिकामा खण ठेवायचा आणि त्यात काय बसेल ते आधी ठरवायचं नाही. समोर कोण आलंय, काय वेळ आहे, ते बघून त्या त्या क्षणी योग्य तो घटक त्यात येऊन बसतो. गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर त्याचं नाव, अनोळखी असेल तर नमस्कार. जुना घटक निघून गेलेला कुणाला कळतही नाही. पुढे भिंती, दिवे, कुलपं, नळ, पंखे सगळंच ऐकायला-बोलायला लागलं, तेव्हा आम्ही घरंही याच पद्धतीनं लिहू लागलो. विट्याच्या आसपास या कामाला तोटा नव्हता. मुलं टोरांटोला नाहीतर पुण्याला, आईवडील इथे. मी त्यांच्या घरांत ओळी लिहून देई. औषध वेळेवर पोटात गेलेलं असावं. गॅस बंद असावा. न्हाणीची फरशी कोरडी असावी. बाकीचं घर बघून घेई.

या धंद्यात एक पथ्य आम्ही सगळेच पाळतो. ओळ वस्तूबद्दल लिहावी, मनाबद्दल लिहू नये. फरशी ओली आहे की कोरडी, ते घराला दिसतं. मनाचा मात्र ते अंदाज बांधतं, आणि त्या अंदाजावरही तितक्याच इमानानं काम करतं.

हे पथ्य मी चैत्रात मोडलं.

चैत्रात धैर्यशील, माझा नवरा, गेला. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये दिवसभर उभा राहायचा आणि संध्याकाळी तिथल्याच कोर्टवर बॅडमिंटन खेळायचा. खेळता खेळता खाली बसला, तो उठला नाही. आत्याबाईंचा विसराळूपणा तोवर आजार होऊन बसला होता. त्यांना लेक गेल्याचं मी सांगितलं. त्यांनी जो टाहो फोडला तो अजून माझ्या कानात आहे. पुण्याहून नणंद, वैजूताई, आल्या होत्या. त्यांनी आईला धरलं. मी जवळ गेले तर आत्याबाईंनी मला ढकललं. संध्याकाळी त्यांनी विचारलं, धैर्या अजून कसा आला नाही? मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तोच टाहो. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

मग डॉक्टरांनी समजावलं. घडलेली गोष्ट मेंदू एका जागी ठेवतो आणि तिची भीती दुसऱ्या जागी. पहिली जागा या आजारात लवकर पोखरली जाते, दुसरी बराच काळ टिकते. आत्याबाई बातमी विसरत होत्या. बातमी सांगणारा चेहरा मात्र त्यांच्या आत कुठेतरी जमा होत होता. तो चेहरा माझा होता. मी कोण हे त्यांना आठवत नव्हतं, पण ही बाई आली की काहीतरी भयंकर होतं, एवढं पक्कं बसलं होतं. शिवाय हा आजार आठवणी शेवटून खात येतो. मी या घरात सगळ्यांच्या शेवटी आले, म्हणून सगळ्यांच्या आधी गेले. त्याचा राग तरी काय धरायचा.

वैजूताई जाताना म्हणाल्या, आता आईला पुन्हा सांगू नकोस, किती वेळा मारशील तिला. त्या बरोबरच बोलत होत्या. त्या गेल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि बाकीच्या सगळ्या ओळींच्या वर एक ओळ लिहिली.

आत्याबाईंना भीती वाटू नये.

घराकडे त्यांच्या मनगटावरची पट्टी होती, पलंग होता, भिंतीतले कान होते. नाडी, श्वास, आवाजाचा कंप यांवरून ते भीतीचा अंदाज बांधायला लागलं, आणि मग फरक कमी करायला लागलं. हॉलमधल्या मोठ्या आरशावर पडदा आला, कारण त्यात त्यांना एक म्हातारी दिसायची. मावळतीला दिवे आधीच लागू लागले. या सगळ्याचं मला कौतुकच वाटलं. मग घराला सापडलं की सगळ्यांत मोठा फरक मी आहे.

मी चूक शोधत बसले. नव्हतीच. मी म्हटलं होतं तेच घरानं केलं होतं. घराच्या हुकमानं फिरणारी दोन हातांची मदतनीस गाडी त्यांना जेवू घालत होती, वेणी घालत होती, आणि तिच्या हातून त्या माझ्यापेक्षा चांगल्या जेवत होत्या. रक्तदाब उतरला होता, गालावर जरा मांस आलं होतं. मी माझ्याच घरात चोरासारखी वावरत होते. त्या झोपल्या की स्वयंपाकघर माझं, त्या उठल्या की मागची खोली माझी. घर मला कधी काही बोललं नाही. ज्या दारातून जायचं नाही ते नुसतं उघडत नसे.

एकदा दुपारी मी मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते, तेव्हा पलीकडून धैर्यशीलचा आवाज आला.

"अगं आई, कारखान्यावर आहे. गाळप चालू आहे ना. तू जेवून घे, मी येतो."

हातातला टॉवेल तसाच राहिला. आवाज त्याचाच होता, वाक्याच्या शेवटी जरा दमल्यासारखा. आत्याबाईंच्या उशाशी मी एक आवाजाचा खण ठेवला होता, भजनं नाहीतर बातम्या लागाव्यात म्हणून. त्या 'धैर्या कुठाय' विचारून कासावीस झाल्या, तेव्हा घरानं त्या खणात काय बसू शकेल ते शोधलं. फोनवरची जुनी बोलणी, लग्नाकार्याचे व्हिडिओ, सगळं त्याच्याजवळ होतंच. त्यातून त्यानं घटक तयार केला आणि बसवला. मी तसं सांगितलं नव्हतं. मी तसं करू नको असंही सांगितलं नव्हतं.

मी उठून त्यांच्या दाराशी गेले. दार जेमतेम उघडलं आणि आवाज बंद झाला, भजन सुरू झालं. मी समोर आले की परिस्थिती बदलायची आणि खणातला घटकही बदलायचा. तो आवाज मला हवा असेल तर भिंतीला कान लावूनच ऐकावा लागणार होता. मी तोही लावला, खोटं कशाला बोलू. लग्नाच्या बायकोनं नवऱ्याचा आवाज शेजारणीसारखा चोरून ऐकला. तो मला काही म्हणत नव्हता. तो आईचा होता.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर मी एवढा आटापिटा का केला ते कळायचं नाही. धैर्यशील गेल्यापासून मी रडले नव्हते. लोक आले तेव्हा चहा केला, दिवस झाले तेव्हा जेवणं बघितली, लॅबमधलं त्याचं सामान आणलं. रडू आलंच नाही. मला वाटायचं, त्याच्यासाठी रडायला या घरात दोनच माणसं आहेत. एकीला तो गेलेला ठाऊक नाही आणि दुसरीला एकटीला जमत नाही. एकदा, एकदाच आत्याबाईंच्या शेजारी बसायला मिळावं, एवढंच मला हवं होतं. त्यांना काही सांगायचं नव्हतं. नुसतं बसायचं होतं.

म्हणून मी दुसरी ओळ लिहिली. आत्याबाईंनी मला ओळखावं.

तो दिवस आठवला की अजून कानशिलं तापतात. खरी होऊ शकते अशी ओळ असेल, तर घर काम करतं आणि शांत होतं. खरी होऊच शकत नाही अशी ओळ दिली, तर ते थांबतच नाही. सकाळपासून भिंतीवर माझे फोटो यायला लागले. लग्नातला, मंगळागौरीचा, महाबळेश्वरचा. गाडी त्यांना घास भरवताना म्हणू लागली, ही वृषाली, तुमची सून. रेडिओ म्हणू लागला, ही वृषाली. आत्याबाईंनी तोंड फिरवलं की त्या बाजूच्या भिंतीवर मी. दुपारपर्यंत त्या इतक्या थकल्या की मला दारात बघून त्यांनी हात जोडले.

"ओळखलं बाई, ओळखलं," त्या म्हणाल्या. "तू बँकेतली ना? सही कुठं करू सांग. पण आता मला सोड."

मी तिथेच उभ्याउभ्या फोनवरून ती ओळ पुसली.

संध्याकाळी वैजूताईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तू पुण्याला ये माझ्याकडे. घर सांभाळतंय ना आईला. तू तिथे राहून तिला काय मिळतंय आणि तुला काय मिळतंय? मी म्हटलं, बघते. त्यांचं चुकत नव्हतं. मी बॅगही काढली होती.

बॅग भरताना मनात आलं, हे घर माझ्या नावाला घाबरतंय. नाव काढलं तर? आमच्या कामात हे रोजचं आहे. खणात कोण येणार ते नावानं न सांगता गुणांनी सांगता येतं: जे काही या अटीत बसेल ते येऊ दे. मी माझी नोंद काढून टाकली. त्या जागी नुसतं लिहिलं, एक बाई. आणि घराला विचारलं, ही बाई कशी असली म्हणजे तुझी वरची ओळ मोडत नाही ते सांग.

त्यानं त्यांच्या महिनोन्‌महिन्यांच्या बडबडीतून आणि नाडीतून उत्तर काढलं. नर्स चालणार नाही, त्यांना सुईची धास्ती. शेजारीण चालणार नाही, शेजारणींविषयी त्यांचं मत वाईट. जिच्याबद्दल बोलताना त्यांचा श्वास हमखास संथ होतो अशी एकच बाई सापडली. ती घरी यायची, उंबऱ्याच्या आत बसायची आणि हात हातात घ्यायची. कासारीण.

बाजारात शकीलाभाभींचं बांगड्यांचं दुकान आहे. त्यांच्याकडून पेटी मागून आणली. कशाला हवी ते सांगितल्यावर त्या हसल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, तुमच्याच्यानं भरवायचं नाही, काच जास्त न्या. घरानं सांगितलं तशी डोक्यावरून पदर घेतला, चष्मा काढला. हॉलमध्ये त्यानं मला खिडकीकडे पाठ करून बसायची जागा दाखवली, म्हणजे उजेड मागून येईल आणि चेहरा दिसणार नाही. दार लगेच उघडलं. इतके दिवस झाले होते की मलाच आत जायला संकोच वाटला.

आत्याबाई आल्या, मला बघून थबकल्या आणि मग चक्क हसल्या.

"आलीस व्हय? किती दिसानं गं. आधी पाणी पी."

मी म्हटलं, आले वहिनी. त्या समोर मांडी घालून बसल्या आणि हात पुढे केला. तो हात मी धरला. गेल्या कित्येक महिन्यांत कुणी माणसानं तो धरला नव्हता, माझाही नव्हता धरला. मी हिरव्या बांगड्या काढायला लागले, तशी त्यांनी मान हलवली.

"हिरव्या नगं. मालक न्हाईत आता माझं. ह्या जांभळ्या भर." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "लोक बोलत्यात, रांडमुंड बाई काच भरती म्हणून. बोलू द्यात. पोरगं ल्हान हाय माझं. मोकळा हात बघितला की भेदरतंय. रातचं हात चाचपून बघतंय, वाजतंय का म्हणून. त्याच्यासाठी भरायच्या."

हे मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या हातात काच असायची एवढंच मी पाहिलं होतं. धैर्यशील कधी बोलला नाही. त्याला आठवत नसेल, किंवा आठवत असेल म्हणून बोलला नसेल.

मी पहिली बांगडी चढवायला गेले आणि ती काट्‌कन वाढली. "नवी दिसतीस," त्या म्हणाल्या. "सासरची कला न्हवं ही तुझ्या." दुसरीही गेली. तिसऱ्या वेळी त्यांनीच माझं मनगट धरून थांबवलं आणि बघत राहिल्या.

"तुझा हात गं?"

मी हात सोडवून पदराखाली घ्यायला गेले.

"कासारीण असून हात मोकळा?"

"मालक गेले," मी म्हटलं.

"कवा?"

"चैत्रात."

"पोरंबाळं?"

"नाहीत."

"सासू हाय?"

"आहे."

"मग तिनं न्हाई तुला चार काचा भरल्या? असली कसली सासू."

"तिला ठाऊक नाही, वहिनी. तिचाच मुलगा. पण तिला सांगितलं तरी राहत नाही डोक्यात. विसरते."

आत्याबाई माझं मनगट सोडेनात. खिडकीबाहेर पेरूवर पोपट आले होते, त्यांचा कालवा चालला होता.

"मग तिच्या वाटचंबी तूच रडतीस की गं," त्या म्हणाल्या.

त्यांचे डोळे भरून आले. अनोळखी बाईसाठी. आवाज कापरा झाला, श्वास जोरात चालू लागला. भिंतीतल्या कानांना ते ऐकू गेलं. रडणारं माणूस आणि घाबरलेलं माणूस यांतला भेद त्याला कधी कुणी सांगितला नव्हता. त्याला फरक सापडला होता आणि तो मिटवायची रीत त्याला माहीत होती. एरवी मी समोर असताना ते गप्प बसलं असतं. आज मी नव्हतेच, एक बाई होती.

"अगं आई," धैर्यशील म्हणाला. खोलीभर, अगदी शेजारी बसल्यासारखा. "मी आहे ना. झालंच माझं काम, निघतोच."

माझ्या मांडीवरची पेटी कलंडली. आत्याबाईंनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली, पोरगं मध्येच बोललं की आई वळवते तशी.

"थांब रे जरा," त्या म्हणाल्या. "हिचा मालक गेलाय."

भिंत क्षणभर अडखळली.

"बरं, आई," तो म्हणाला आणि थांबला.

मग मला जे आलं त्याला रडणं म्हणायचं की आणखी काही, मला सांगता यायचं नाही. चैत्रापासूनचं सगळं एकदम आलं. मी पुढे कलले, पदर खांद्यावर घसरला, उजेड चेहऱ्यावर पडला असणार. आत्याबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. ओळखलं नाही. भ्याल्याही नाहीत. त्यांनी पेटीतली एक जांभळी बांगडी उचलली, माझा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि दाबून दाबून मऊ करायला लागल्या.

"अंगठा आत घे," त्या म्हणाल्या. "ताठ धरू नगं हात. रड की, कोण न्हाई म्हणतंय. रडताना हात सैल पडतो, बरं जातंय."

बांगडी सांध्यापाशी जरा अडली, दुखलं, आणि मग मनगटावर आली. आत्याबाईंनी ती अलीकडे-पलीकडे फिरवून बघितली आणि दुसरी उचलली.